फ्रेंच राज्यक्रांती पुस्तकांमुळे झाली की पावामुळे? आणि यंत्रं आली त्या इंग्लंडात क्रांती का नाही झाली?

मागाशेजारची

नमस्कार मंडळी, बरेच महिने इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी इचलकरंजीची. घरात आठ माग आहेत, लग्नानंतर बारा वर्षांनी आता बाहेरून बीए करतेय इतिहास घेऊन, आणि अभ्यास रात्री मागाच्या खडखडाटातच होतो.

तर माझा प्रश्न असा. नोट्समध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या कारणांचे चार खाने दिलेत, राजकीय, सामाजिक, आर्थिक, वैचारिक. वैचारिक मध्ये रूसो, व्हॉल्तेअर, माँटेस्क्यू अशी तीन नावं आणि खाली एक वाक्य की यांच्या विचारांनी जनता पेटून उठली. आता मला सांगा, जिला घरात पाव नव्हता ती बाई रूसो वाचत बसली होती का? मग पेटली कशानं? आणि लगेच पुढचा धडा औद्योगिक क्रांतीचा, तिथं कोळसा, लोखंड, भांडवल, वसाहती, शोध अशी यादी. दोन्ही धडे एकाच काळातले, दोन देशांच्या मधे एवढीशी खाडी, पण पुस्तकात हे दोन धडे एकमेकांशी बोलतच नाहीत. मला खरंच वाटतं की काहीतरी संबंध असणार. आणि जिथं यंत्रांनी एवढी उलथापालथ केली त्या इंग्लंडात राजा टिकला आणि फ्रान्समध्ये राजाचं मुंडकं उडालं, हे उलटं कसं? परीक्षेपुरतं उत्तर माझ्याकडे आहे, मला समजून घ्यायचंय.

निवृत्त_मास्तर

ताई, प्रश्न फार आवडला. मी एकतीस वर्षं हे चार खाने फळ्यावर काढले आणि दरवर्षी मलाच वाटायचं की पोरांपर्यंत खरी गोष्ट पोचत नाहीये.

खरी गोष्ट कर्जापासून सुरू होते. अमेरिकेनं इंग्लंडविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध केलं त्यात फ्रान्सनं अमेरिकेला मदत केली, इंग्लंडवरचा जुना राग होता म्हणून, आणि ती सगळी मदत कर्ज काढून. १७८८ सालचा फ्रेंच सरकारचा हिशोब बघा, एकूण खर्चातला जवळजवळ निम्मा पैसा नुसत्या कर्जाच्या परतफेडीत आणि व्याजात जात होता. राजवाड्याचा, दरबाराचा खर्च म्हणाल तर शंभरातले साधारण सहाच. म्हणजे राणीच्या दागिन्यांनी देश बुडाला हे आपण शाळेत रंगवून सांगतो ते पूर्ण खरं नाही. आणि 'पाव नसेल तर केक खा' हे वाक्यही तिचं नाही बरं का, तशी गोष्ट कुठल्याशा राजकन्येच्या नावानं रूसोनं लिहून ठेवली तेव्हा मारी आंत्वानेत लहान मुलगी होती आणि फ्रान्समध्ये आलेलीही नव्हती.

आता कर्ज फेडायचं तर कर वाढवायचा, पण कोणावर? धर्मगुरू आणि सरदार यांना मुख्य करातून सूट. शेतकऱ्यावर मात्र राजाचा कर, चर्चचा दशमांश, जमीनदाराची देणी, वर मिठावरचा कर, आणि तोही असा की बऱ्याच भागात ठराविक मीठ सरकारकडून घ्यायलाच लागायचं, गरज असो नसो. राजानं सरदारांना म्हणून बघितलं की तुम्हीही थोडं द्या, ते म्हणाले हा अधिकार फक्त एस्टेट्स जनरलचा, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि तिसरा वर्ग म्हणजे बाकी सगळी जनता, या तिघांच्या प्रतिनिधींच्या सभेचा. ही सभा १६१४ नंतर भरलीच नव्हती. ती शेवटी ५ मे १७८९ ला, राजाचा वाडा होता त्या व्हर्सायला भरली, म्हणजे दार सरदारांनीच उघडलं आणि आत आले दुसरेच!

आणि नेमकं त्याच्या आदल्या वर्षी, १३ जुलै १७८८ ला, पीक कापणीला आलेलं असताना उत्तर फ्रान्समध्ये भयानक गारपीट झाली. पुढचा हिवाळा असा की नद्या गोठल्या, पाणचक्क्या थांबल्या, धान्य असलं तरी दळता येईना. पॅरिसमध्ये चार पौंडाचा पाव ८-९ सू (तिथलं छोटं नाणं) ला मिळायचा तो फेब्रुवारी १७८९ पर्यंत साडेचौदाला गेला. बिगारी माणसाची दिवसाची कमाई २० ते ३० सू. घरात चार तोंडं असतील तर रोज एक पाव लागणारच, मग भाड्याला, सरपणाला, कपड्याला काय उरतं सांगा. कपड्याचं मुद्दाम लिहिलंय, कारण लोकांनी कापड घेणं बंद केलं की विणकर बसतो. तुमच्या गावात हे मी सांगायला नको.

गव्हाची_लोंबी

मास्तरांचा प्रतिसाद उत्तम आहे पण मला एक गोष्ट खटकते आणि ती स्पष्ट लिहिते. भुकेनं क्रांती होत असती तर ती फ्रान्समध्ये आधी कितीदा तरी व्हायला हवी होती. १७०९ च्या हिवाळ्यात तर माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली, राजा जागचा हलला नाही. १७७५ च्या वसंतात पिठासाठी दंगली झाल्या, पॅरिसच्या आसपास शेकडो ठिकाणी लोकांनी धान्याच्या गाड्या अडवल्या, दुकानं फोडली, आणि काय मागितलं? योग्य भाव. कितीतरी ठिकाणी लोकांनी धान्य लुटलं नाही, आपल्याला रास्त वाटला तो भाव ठरवून पैसे टाकले आणि माल नेला. संविधान कोणी मागितलं नाही. राजा तोच, सोळावा लुई, भूक तीच. चौदा वर्षांत मधे काय बदललं?

बदललं हे की तक्रारीला भाषा मिळाली. १७८९ च्या सुरुवातीला राजानंच सांगितलं की गावोगाव तक्रारींच्या वह्या लिहून पाठवा. हजारो गावांतून लोक चर्चमध्ये जमले आणि आपलं दुखणं कागदावर उतरवलं, बहुतेकांच्या आयुष्यात पहिल्यांदा. त्या वह्यांत रूसोचं नाव क्वचित, ताईंचा संशय बरोबर आहे. त्यात कबुतरं आहेत. हो कबुतरं! कबुतरखाना ठेवायचा हक्क सरदाराचा, ती कबुतरं शेतकऱ्याचं पेरलेलं बी टिपून खायची आणि त्याला ती मारायची बंदी. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. पण शेजारच्या दहा गावांनीही तेच लिहिलंय हे कळलं की 'माझं नशीब' संपतं आणि 'हा कायदाच चुकीचा' सुरू होतं. ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क रद्द करायचं ठरलं, त्या ठरावांत दुसरंच कलम कबुतरखान्याच्या हक्काचं आहे. मला हे वाचून अंगावर काटा आला होता.

दुसरं म्हणजे सिएस. हा स्वतः पाद्री, जानेवारी १७८९ मध्ये त्यानं पत्रक काढलं, प्रश्न एकच, तिसरा वर्ग म्हणजे काय? उत्तर, सर्व काही. आजवर राजकारणात तो काय होता? काहीच नाही. एवढं सोपं लिहिलेलं कॉफीच्या दुकानात एकानं मोठ्यानं वाचलं तरी पन्नास जणांना कळतं, वाचता यायची गरजच नाही. विचार पोचतात ते असे. १७ जूनला तिसऱ्या वर्गानं आपण होऊन स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणवून घेतलं तेव्हा ते पत्रकातलंच गणित मांडत होते. पावानं गर्दी जमवली हे मान्य, पण त्या गर्दीनं व्हर्सायला जाऊन राजाला नुसतं पीठ मागून परत न येता त्याला सोबत पॅरिसला आणलं, हे पावानं नाही झालं.

निवृत्त_मास्तर

तुमचा १७७५ चा मुद्दा बिनतोड आहे. मी एवढंच जोडतो की १७७५ ला तिजोरी अजून रिकामी झाली नव्हती आणि सैन्य आज्ञेत होतं. १४ जुलैला बास्तीय हा पॅरिसचा तुरुंग-किल्ला पडला तेव्हा लोकांच्या बाजूनं फ्रेंच गार्ड, म्हणजे राजाचेच शिपाई, तोफा घेऊन आले होते. आत कैदी फक्त सात निघाले, पण लोक मुख्यतः बंदुकीची दारू न्यायला गेले होते. म्हणजे भूक, विचार आणि सरकारचा हात लुळा पडणं हे तिन्ही एकाच उन्हाळ्यात आले. पण वह्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी वर्गात कधीच सांगितलं नाही, याचं आता वाईट वाटतंय.

खाडीपल्याड

मूळ प्रश्न होता की दोन धड्यांचा संबंध काय, त्यावर कोणी आलंच नाही अजून. संबंध आहे, तो अगदी कापडाचा आहे, आणि त्याची तारीखही आहे.

सप्टेंबर १७८६ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंडनं व्यापाराचा तह केला, इंग्रज वकिलाच्या नावावरून त्याला ईडन तह म्हणतात. आधी एकमेकांच्या मालावर बंदी किंवा भरमसाठ जकात होती, ती उतरवली, सुती कापडावर १२ टक्के. फ्रान्सला वाटलं आपली दारू तिकडे खपेल. पण तोवर इंग्लंडात हारग्रीव्ह्जची जेनी, म्हणजे एकदम अनेक धागे काढणारं कताईचं यंत्र, येऊन वीस वर्षं झाली होती, आर्कराइटनं १७७१ ला क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी सूतगिरणी उभी केली होती, क्रॉम्प्टनच्या म्यूल नावाच्या कताईयंत्रावर मलमलीचं बारीक सूत निघत होतं. तह १७८७ ला लागू झाला आणि लँकेशायरचा स्वस्त माल नॉर्मंडीत शिरला. रुआँ, त्र्वा, लील, अमियाँ, जिथं जिथं घराघरात चरखे आणि हातमाग होते तिथं कामं बंद पडली. म्हणजे ज्या बाईचा पाव महागला तिचीच सूतकताईची कमाई आधी गेली होती! मास्तरांनी सांगितलेली गारपीट आणि हे, लागोपाठच्या दोन वर्षांत. जुलै १७८९ मध्ये इकडे पॅरिसमध्ये बास्तीय पडत होतं आणि तिकडे रुआँजवळ कामगार कताईची नवी यंत्रं फोडत होते. तक्रारींच्या वह्यांतही नॉर्मंडीतल्या कितीतरी ठिकाणी या तहाचं आणि यंत्रांचं गाऱ्हाणं आहे. बास्तीय पुस्तकात आलं, रुआँ राहिलं.

आता यंत्रं इंग्लंडातच का, तर कोळसा हे उत्तर बरोबर पण अर्धं. कोळसा होता म्हणून लगेच इंजिन होत नाही. न्यूकोमेननं १७१२ ला पहिलं वाफेचं इंजिन बसवलं ते खाणीतलं पाणी उपसायला, आणि ते इतका कोळसा खायचं की खाणीच्या तोंडाशीच परवडायचं, जिथं खाली पडलेला कोळशाचा भुसा फुकट. वॅटनं वाफ थंड करायला वेगळं भांडं लावलं, १७६९ चं पेटंट, तेव्हा कुठं कोळसा कमी लागायला लागला. दुसरी गोष्ट मजुरी. इंग्लंडात मजुरी फ्रान्सपेक्षा चांगलीच जास्त होती आणि कोळसा स्वस्त, त्यामुळे माणसाच्या जागी यंत्र बसवणं तिथल्या मालकाला परवडायचं. तेच यंत्र फ्रान्समध्ये किंवा आपल्याकडे बसवून फायदा नव्हता कारण हात स्वस्त होते. फ्रेंच लोक अडाणी होते असं अजिबात नाही, गणितात आणि रसायनात ते पुढेच होते.

आणि अजून एक, जे आपल्याला माहीतच असायला हवं. हे सगळं यंत्रांचं वेड सुरू कुठून झालं, तर हिंदुस्थानी कापडापासून. सुरतेची आणि कोरोमंडलची छीट तिकडं एवढी खपायची की तिथल्या लोकरवाल्यांनी ओरड करून १७०० साली आणि मग १७२१ साली कायदे करून घेतले, छापील सुती कापड वापरणंसुद्धा गुन्हा. बाहेरचा माल अडवला, गिऱ्हाईक तयारच होतं, मग तसं कापड घरच्या घरी स्वस्तात कसं काढायचं यावर डोकी लागली.

मागाशेजारची

बापरे. ईडन तहाचं एक अक्षर आमच्या पुस्तकात नाही. खाडीपल्याड, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. बाहेरून स्वस्त माल आला की कारखाने कसे बसतात हे सासरे बोलतात ते अगदी हेच. पण मग इंग्लंडातले विणकरही बुडालेच असतील ना, त्यांनी का नाही क्रांती केली?

खाडीपल्याड

त्यांची क्रांती आधीच होऊन गेली होती हे एक उत्तर. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद १६४९ चा, लुईच्या १४४ वर्षं आधी. मग १६८८ ला राजाच बदलला आणि पार्लमेंटशिवाय कर नाही हे पक्कं झालं. त्यामुळे गंमत बघा, दरडोई कर इंग्लंडात फ्रान्सपेक्षा जास्त होता, कर्जही डोंगराएवढं, पण कर पार्लमेंट बसवायची आणि जमीनदारालाही द्यावा लागायचा, म्हणून सावकाराचा विश्वास होता आणि व्याज कमी. फ्रान्स ज्या खड्ड्यात पडला तो इंग्लंडनं शंभर वर्षं आधी बुजवला होता.

पण शांतता होती असं कृपा करून परीक्षेत लिहू नका. १८११ पासून नॉटिंगहॅमकडं लुडाइट मोज्यांची यंत्रं फोडत होते आणि १८१२ ला सरकारनं यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा लावली. १८१९ ला मँचेस्टरला पीटर्लूच्या मैदानात मतदानाचा हक्क मागणाऱ्या नि:शस्त्र लोकांवर घोडेस्वार घातले, बायकापोरं तुडवली गेली. १८३० ला फ्रान्समध्ये परत राजा पळाला तेव्हा इंग्लंडातले धनदांडगे हादरले, आणि १८३२ ला मध्यमवर्गाला मत देऊन मोकळे झाले. कामगाराला नाही दिलं. त्यातून पुढं कामगारांसाठी मत मागणारे चार्टिस्ट आले.

तळटीप

दोन गोष्टी राहून जाताहेत म्हणून लिहिते.

एक, व्हर्सायवर ५ ऑक्टोबरला चालत गेल्या त्या मुख्यतः बाजारातल्या बायका. आणि २६ ऑगस्टच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात मात्र बायका नाहीत. ओलँप द गूजनं १७९१ ला स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वतः लिहिला, तिला १७९३ ला गिलोटिनवर चढवलं. हे कारणांच्या कुठल्या खान्यात बसतं?

दोन, हैती. तेव्हाचं सँ-दोमिंग, फ्रान्सची सर्वात श्रीमंत वसाहत, साखर आणि कॉफी, आणि तिथं जवळजवळ पाच लाख गुलाम. पॅरिसमध्ये म्हणतात माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान, आणि इकडं माणसं चाबकाखाली. ऑगस्ट १७९१ ला गुलाम उठले, तूसँ लूव्हेर्त्यूर स्वतः गुलामीत जन्मलेला माणूस सेनापती झाला. पॅरिसनं १७९४ ला गुलामगिरी रद्द केली ती या उठावाच्या रेट्यानं, नेपोलियननं १८०२ ला परत आणायला फौज पाठवली, ती हरली, आणि १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला. विचारांची ताकद बघायची तर मला तिथंच बघावीशी वाटते. ज्यांच्यासाठी ते वाक्य लिहिलंच नव्हतं त्यांनी ते स्वतःला लावून घेतलं.

लालबागकर

मी इतिहासाचा माणूस नाही, वडील आणि आजोबा दोघंही गिरणीत, म्हणून लिहावंसं वाटलं. आजोबा त्रासन खात्यात होते, वडील साचे खात्यात. लहानपणी वाटायचं तिथं त्रास होतो म्हणून त्रासन. मोठा झाल्यावर कळलं की मूळ शब्द थ्रॉसल, म्हणजे कताईचं यंत्र, वर ज्या आर्कराइटच्या यंत्राचा उल्लेख आलाय त्याच घराण्यातलं. लँकेशायरचा शब्द आमच्या कोकणी माणसाच्या तोंडात येऊन मराठी झाला आणि आमच्या घरात तीस वर्षं राहिला.

तसाच विचारही आला, दुसऱ्या वाटेनं. थॉमस पेननं १७९१ ला फ्रेंच क्रांतीच्या बाजूनं मानवी हक्कांवरचं पुस्तक लिहिलं, ते पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८४७ च्या सुमारास वाचलं. पुढं १८७३ ला सत्यशोधक समाज. आणि त्याच समाजातले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांत काम करायला लागले. १८८४ ला परळला सभा झाली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन गेलं, मागण्या काय तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. एवढंच मागितलं होतं हो. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली.

म्हणून माझ्यासाठी हे दोन धडे वेगळे नाहीतच. यंत्र मँचेस्टरहून आलं, हक्काची भाषा पॅरिसकडून, आणि दोन्ही परळच्या एका सभेत भेटले. वडील १९८२ च्या संपात घरी बसले ते परत गेलेच नाहीत. देणी मिळवायला किती वर्षं खेपा घातल्या ते इथं लिहीत नाही. पण ते कधी यंत्राला शिव्या द्यायचे नाहीत, साच्याबद्दल घरच्या बैलाबद्दल बोलावं तसं बोलायचे. लुडाइट यंत्राचे शत्रू होते असं कोणी म्हटलं की मला ते आठवतं. त्यातले बरेचसे कसबी कारागीर होते, यंत्रावरच काम करणारे, त्यांचं भांडण यंत्र कोणाच्या फायद्यासाठी चालणार याचं होतं.

निवृत्त_मास्तर

लालबागकर, तुमच्या वडलांना नमस्कार सांगा. तुम्ही संघटनेचं लिहिलंत म्हणून एक जोडतो. १७९१ च्या जूनमध्ये क्रांतीनंतरच्याच फ्रेंच सभेनं ल शापेलिए कायदा केला, कामगारांनी एकत्र येऊन मजुरी ठरवायला बंदी, स्वातंत्र्याच्या नावाखाली. आणि १७९९ ला इंग्लंडनंही तेच केलं, क्रांतीच्या भीतीनं. एक क्रांती केलेला देश, एक क्रांतीला घाबरलेला, आणि कामगाराच्या हातात दोघांकडून तेच.

मागाशेजारची

सगळ्यांचे खूप आभार, किती वेळा वाचलं हे सांगता यायचं नाही. उत्तर आता असं लिहिणार आहे, आधी कर्ज आणि तह, मग गारपीट, मग वह्या, आणि खाने शेवटी, जागा उरली तर. लालबागकरदादा, आमच्याकडं १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला हे पोराटोरांनाही माहितेय, पण त्याच्या मागं एवढं सगळं आहे हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

सासऱ्यांनी एकच विचारलं, ते फ्रान्समध्ये यंत्रं फोडली त्यांचं पुढं काय झालं, परत बसवली का? कोणाला माहीत असेल तर सांगा, ते रोज विचारताहेत.

खाडीपल्याड

बसवली, पण वेळ गेला. इंग्लंडात १७७४ पासून कापडाची यंत्रसामग्री देशाबाहेर न्यायलाच बंदी होती, कारागिरानं परदेशी जाणं तर त्याच्याही आधीपासून गुन्हा, म्हणून फ्रेंचांना जे मिळालं ते बरंचसं चोरून. त्यातला सगळ्यात गाजलेला लिएव्हेन बाउवेन्स, गेंट गावचा. तेव्हा ते गाव फ्रान्सच्या ताब्यात होतं. त्यानं १७९८ च्या सुमारास म्यूलचे सुटे भाग इंग्लंडातून लपवून आणले, कारागीरही फितवून आणले आणि गेंटला सूतगिरणी काढली. यंत्रांच्या निर्यातीवरची बंदी पूर्ण उठली ती १८४३ ला. सासऱ्यांना सांगा, त्याच्या पुढं अकरा वर्षांनी मुंबईत कावसजी दावरांनी गिरणीची कंपनी काढली आणि यंत्रं लँकेशायरमधून मागवली, उघडपणे, पैसे मोजून.